तलावात पाणी सोडा म्हणायचं, पण शेकाट्याच्या अंड्यांचं काय?

शलाका_सीवूड्स
मंडळी, आमच्या सोसायटीमागे एक होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवायचा धारण तलाव आहे. खाडीकडून त्यात येणारा पाइप गाळानं आणि प्लास्टिकनं बुजला आणि भरतीचं पाणी यायचं थांबलं. पावसाळ्यात साचलेलं पाणी एप्रिलपर्यंत आटत आलं, अर्धा तलाव भेगाळला आणि उरलेल्या डबक्यावर हिरवी साय धरली. फ्लेमिंगो यायचे कमी झाले. मग नेहमीचं सगळं झालं: सह्या, निवेदनं, रविवारी सकाळी मानवी साखळी. शेवटी पाइप साफ करायची मंजुरी मिळाली असून पुढच्या आठवड्यात काम सुरू होणार आहे.

आता गोची अशी की त्या भेगाळलेल्या भागात शेकाट्याच्या (लांब पायांचा पाणपक्षी) चार जोड्या अंड्यांवर बसल्यात. काठाजवळ एक टिटवीही आहे. पाइप मोकळा झाला की पाणी थेट त्यांच्या पोटाखाली.

आमच्या गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एवढ्या मेहनतीनं मिळवलेली मंजुरी चार घरट्यांसाठी घालवायची नाही. दुसरा म्हणतो, पक्ष्यांसाठी आंदोलन करून पक्ष्यांचीच अंडी बुडवायची का? पाण्याची पातळी वरखाली झाली की घरट्यांचं नेमकं काय होतं आणि अशा वेळी काय करतात, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. ‘निसर्ग आपलं बघून घेतो’ हे उत्तर नको, ते सेक्रेटरींकडून मिळालंय.

कोपरीचा_कावळा
जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

टिबुकली
शलाकाताई, आधी कोण कुठे घरटं करतं ते बघू. त्यावर सगळं ठरतं.

टिबुकली (मी नव्हे, पक्षी) आणि कमळपक्षी यांची घरटी तरंगती. पाणवनस्पतींचा ढीग, तो देठांना अडकवलेला. पाणी हळूहळू चढलं तर घरटंही चढतं. पण एका रात्रीत हातभर चढलं तर अडकवलेले देठच घरट्याला खाली धरून ठेवतात आणि ते बुडतं. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात अंडी उबवायचं काम नराचं. पाणी वाढायला लागलं की तो अंडी चोचीनं ओढत दुसरीकडे नेतो. मादी तोवर दुसऱ्या नराकडे गेलेली असते.

जांभळी पाणकोंबडी पाणकणसात घरटं करते. तिला खाली पाणी हवंच, कारण पाणी गेलं की पाणकणसात कुत्री आणि मुंगूस शिरतात.

शेकाट्या आणि टिटवी जमिनीवरची. शेकाट्याला पाण्याला लागून असलेला चिखल, एखादा उंचवटा, बेटासारखा तुकडा आवडतो. साधारण चार अंडी, उबवायला साडेतीन आठवड्यांच्या आसपास, नर-मादी आळीपाळीनं बसतात. टिटवी थोडी लांब, कोरड्या खडबडीत जागी, आणि तिचे दिवस महिन्याच्या जवळ जातात.

म्हणजे एकाच तलावात एकाला पाणी चढलेलं चालतं, दुसऱ्याला उतरलेलं चालत नाही, तिसऱ्याला दोन्ही चालत नाही.

वाशीकर_काका
माफ करा, पण जरा कडू बोलतो. शेकाट्या काही दुर्मिळ नाही. ऐरोलीपासून उलव्यापर्यंत प्रत्येक नाल्यात उभा असतो, सांडपाण्यातही मजेत असतो. उलट छोट्या फ्लेमिंगोची जात संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत गणली जाते. चार घरट्यांसाठी अख्खा तलाव वर्षभर कोरडा ठेवायचा? पाइप पुन्हा बुजेल, मंजुरीची फाइल पुन्हा कपाटात जाईल. मी तरी पाणी सोडा म्हणेन.

भिंगरी
@वाशीकर_काका, सरसकट पटलं नाही. फ्लेमिंगो इथे खायला येतात, घरटी करायला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जातातही. शेकाट्या मात्र इथेच पिल्लं काढतो. पाहुणे आले म्हणून घरच्यांना जिन्यात झोपवायचं का?

वाशीकर_काका
आमच्याकडे मे महिन्यात तेच व्हायचं ताई. :)

अवांतर_आजोबा
अवांतर: आमच्या लहानपणी गावाला टिटवीनं अंडी कुठे घातलीत ते बघून पावसाचा अंदाज बांधायचे. उंचावर घातली तर पाऊस मुबलक, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ. २०२५ साली मुंबईत पाऊस २६ मेलाच दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. त्या वर्षीच्या टिटव्यांना कुणी विचारलं होतं का?

ठाण्याचा_तात्या
@आजोबा, आमच्या टिटवीला विचारलं होतं. ती दरवर्षी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, टाकीशेजारच्या खडीत अंडी घालते. सात मजले उंच. तुमच्या हिशोबानं ठाण्यात दरवर्षी महापूर यायला हवा.

त्या टिटवीमुळे वॉटरप्रूफिंगचं काम दोनदा पुढे ढकललंय. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली, त्या टिटवीला ‘तुमची ती’ म्हणतात. थोडक्यात, गच्चीवरच्या टिटवीला उधाणाची भीती नसते, जनरल बॉडीची असते.

कोपरीचा_कावळा
दंडवत घ्या तात्या.

खारवाला
मी उरणकडचा. आमच्या आजानं खार राखली, बापसानं पण. थोडं सांगतो, चुकलं तर टिबुकलीताई बोलतीलच.

खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी (झडपेचं दार) असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. बांधाच्या आत गोड्या पाण्यावर भातशेती. उघाडी बिघडली की खारं पाणी आत. बांधाला खांड पडली तर विचारूच नका, दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून प्रत्येक गावात एकजण रात्री-अपरात्री कंदील घेऊन उघाडी बघायला जायचा.

आता पक्ष्यांचं. आमच्याकडे ही लांब टांगांची पाखरं बांधाच्या आतल्या पडीक तुकड्यात नाहीतर मिठागरात अंडी घालायची. बांधाबाहेर, भरती फिरते तिथे कधी घालायची नाहीत. ज्याला उधाण कळतं तो असं करणारच. तुमच्या तलावात पाणी यायचं थांबलं, पाखरांना वाटलं बांध घातला. म्हणून ती खाली उतरली.

टिबुकली
@खारवाला, वा! यात एक हिशोब जोडते. उधाण पंधरवड्याला एकदा येतं, पौर्णिमेला आणि अमावास्येला. अंडी उबवायला साडेतीन आठवडे. म्हणजे शेकाट्यानं अंडी कुठल्याही तिथीला घातली तरी ती फुटायच्या आत निदान एक उधाण येणारच, बहुतेकदा दोन. भरतीच्या टापूत घातलेलं घरटं नशिबानं वाचतं असं नाही, ते वाचूच शकत नाही. त्यामुळे हे पक्षी खाडीकाठी असूनही भरतीपासून तुटलेल्या जागा शोधतात. मिठागरं, बांधाआडची डबकी, भरावाच्या कडा, अर्धवट बांधकामांचे प्लॉट.

आणि एक. शेकाट्या अगदीच बिचारा नाही. पाणी वाढताना दिसलं की तो घरट्याच्या कडेला काड्या, चिखल, शिंपले रचत जातो आणि अंडी थोडी थोडी वर उचलली जातात. इंचाइंचानं वाढणाऱ्या पाण्याशी तो बऱ्यापैकी झुंजतो. दोन तासांत येणाऱ्या पाण्याशी नाही.

मीनाक्षी_घणसोली
वाचनखूण साठवली. प्रश्न: अंडी गेली तर ते परत घालत नाहीत का?

टिबुकली
@मीनाक्षी, घालतात. हंगामाच्या सुरुवातीला घरटं गेलं तर पुन्हा मांडामांड करतात. पण जून उजाडल्यावर गेलं तर पुन्हा बसायला जागाच उरत नाही, सगळीकडे पावसाचं पाणी. म्हणून ‘पाणी सोडायचं की नाही’ इतकंच महत्त्वाचं ‘कधी’. तेच काम मार्चमध्ये झालं असतं तर शेकाट्यानं खाली घरटं केलंच नसतं, वरची कड धरली असती आणि हा धागाही निघाला नसता.

शलाका_सीवूड्स
मार्चमध्ये फाइल तिसऱ्या टेबलावर होती हो.

निवृत्त_स्थापत्य
थोडं तांत्रिक. नवी मुंबईतले बरेच नोड (उपनगरं) भराव घालून उभे राहिलेत आणि पुष्कळ भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. धो धो पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर शहरातलं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. त्यावर डच धर्तीची योजना केली ती या धारण तलावांची. भरतीला फ्लॅप गेट बाहेरच्या पाण्याच्या दाबानं मिटतं, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की गेट उघडून खाडीत जातं. खारवाल्यांची उघाडीच, फक्त भातशेतीऐवजी सेक्टर.

म्हणजे पावसाळ्याआधी हा तलाव जितका रिकामा तितकं शहर सुरक्षित. पक्षी बघणाऱ्यांना हे आवडत नाही, पण तलाव बांधला त्यासाठीच. मे अखेरीला तलाव तुडुंब ठेवा असं कुणी म्हणालं तर कुठलाही अभियंता सही करणार नाही.

गाळ काढायचं का रखडतं, तेही सांगतो. बऱ्याच तलावांत कांदळवन वाढलंय. गाळ साचला, पाणी उथळ झालं, बिया रुजल्या. कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. २०१८च्या निकालानं ती चौकट पक्की झाली, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे मूळ तलावाची क्षमता घटत जाते हेही खरं.

वाशीकर_काका
म्हणजे फ्लेमिंगोवाल्यांना पाणी हवं, शेकाट्याला नको, अभियंत्यांना पावसाळ्यात रिकामा तलाव हवा, कांदळवनाला भरती हवी. आणि रहिवाशांना?

सेक्टर_४८
रहिवाशांना डास नकोत. बाकी काहीही चालेल.

मीनाक्षी_घणसोली
+१. साचलेलं पाणी म्हणजे डास. भरती-ओहोटीनं पाणी हललं तर कमी होतात असा अनुभव आहे. आमच्याकडे गप्पी मासे सोडले होते, त्यांना बगळ्यांनी आठवडाभरात संपवलं. बगळे खूश होते.

तिसरी_मुंबई
इथे कुणी मोकाट कुत्र्यांबद्दल बोलत का नाही? पाणी आटलं की पहिली आत शिरतात ती कुत्री. गेल्या वर्षी मी स्वतः बघितलंय, टिटवी कर्कश ओरडतेय, डोक्यावर झेपा घेतेय आणि कुत्रं शांतपणे हुंगत पुढे चाललंय. जोपर्यंत काठावर बिस्किटं टाकणारे

प्राणिमित्र_नेरूळ
झालं सुरू. कुत्र्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? तलावात डेब्रिज टाकणारी माणसं कुत्र्यांपेक्षा

तिसरी_मुंबई
मी डेब्रिजचं समर्थन केलं का? वाक्य तरी पूर्ण वाचा.

प्राणिमित्र_नेरूळ
तुम्ही तरी पूर्ण लिहा.

संपादक
कुत्र्यांसाठी वेगळा धागा आहे, सध्या त्यावर ४१२ प्रतिसाद आहेत. तिकडे जावे. इथले पुढचे सहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

टिबुकली
मुद्दा मात्र बरोबर होता. पाणी चढणं जितकं वाईट, तितकंच भलत्या वेळी उतरणंही. कच्छच्या मोठ्या रणात मोठे फ्लेमिंगो घरटी करतात तिथे हे लख्ख दिसतं. पावसाळ्यानंतर उथळ पाणी पसरतं, पक्षी चिखलाचे फूटभर उंच बुधले रचतात आणि त्यावर एक अंडं. चहूबाजूंनी पाणी हाच त्यांचा कोट. पाऊस कमी पडला तर ते घरटी घालतच नाहीत. मध्येच पाणी आटलं तर कोल्हे चालत येतात. जास्त आलं तर बुधले विरघळतात. १९४५ साली सालिम अली तिथे गेले तेव्हा पसरलेली लाखो पक्ष्यांची वसाहत पाहून आले. आणि अशीही वर्षं असतात की तिथे काहीच घडत नाही.

राजस्थानी_मराठी
नोकरीनिमित्त भरतपूरला होतो, म्हणून लिहितो. केवलादेवचं जंगल मुळात राजाने शिकारीसाठी पाणी अडवून केलेलं. तिथल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांच्या मोठ्या वसाहती. पाणी अजान बांधातून यायचं. २००४च्या सुमारास वरच्या बाजूला पांचना धरणाचं पाणी शेतकऱ्यांनी सोडू दिलं नाही, तलाव कोरडे पडले, चित्रबलाकांनी घरटी केली नाहीत. झाडं तीच होती, पाणी नव्हतं. शेतकऱ्यांना खलनायक ठरवणं मला जमलं नाही, त्यांची पिकंही वाळत होती. पुढे २०१२ मध्ये गोवर्धन ड्रेनमधून पाइपनं पाणी आणायची सोय झाली.

झाडावर घरटं करणाऱ्यालाही खाली पाणी लागतं, हे मला तिथे कळलं. एक तर पिल्लांना भरवायला उथळ पाण्यातले मासे, दुसरं म्हणजे बुंध्याभोवती पाणी असलं की चढणारे शिकारी लांब राहतात.

नाशिककर
आमच्या नांदूर मधमेश्वरबद्दल कुणी काही बोलणार की नाही? महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२०ला जाहीर झालं. ठाणे खाडीचा नंबर त्यानंतर, २०२२ला.

ठाण्याचा_तात्या
घ्या, नाशिक आलं. आता पुणे येईल.

सिंहगड_रोड
आलो. उजनीवर भिगवणला उन्हाळ्यात पाणी उतरतं, बेटं उघडी पडतात, त्यावर नदी सुरय आणि छोटे आर्ली अंडी घालतात. अवकाळी पाऊस किंवा वरून अचानक सोडलेलं पाणी यांनी एका रात्रीत बेट जातं. तुमचं भरतीचं वेळापत्रक निदान छापील असतं, आमचं धरणातला साठा आणि कालव्याच्या आवर्तनावर.

भिंगरी
‘निदान छापील असतं’ हे आवडलं. खरंच, खाडीकाठी हा एक फायदा आहे, पाणी कधी किती येणार ते आधी कळतं.

कोपरीचा_कावळा
अवांतर: भरतीची वेळ तिथीवरून काढायचा काहीतरी हिशोब होता ना? आजी सांगायची.

खारवाला
तिथीची पाऊणपट. अष्टमी असली तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. होडीवाल्याला तेवढं पुरतं.

सेक्टर_४८
आत्ता मोबाइलवर ताडून बघितलं. चाळीस मिनिटांचा फरक आला. चार्जिंग मात्र लागत नाही.

ठाण्याचा_तात्या
मूळ विषयाकडे यायच्या आधी ठाण्याच्या तलावांचं गाऱ्हाणं मांडतो. आम्ही तलावांचं शहर म्हणवतो, पस्तीसच्या आसपास तलाव अजून शिल्लक आहेत. सुशोभीकरण म्हणजे चारी बाजूंनी उभी दगडी भिंत, वर कठडा, कठड्यावर दिवे, मध्ये कारंजं. पाणी चारही ऋतूंत एकसारखं दिसतं. छान दिसतं. पण तिथे पक्षी घरटं कुठे करणार? काठावर उतारच नाही. भिंत आहे आणि थेट डुबकी आहे. पाणकावळा कारंज्याच्या नळावर पंख वाळवत बसतो, तेवढंच आमचं पक्षीजीवन.

निवृत्त_स्थापत्य
@तात्या, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. पातळी म्हटलं की आपण फक्त पाणी मोजतो, तळाचा आकार बघत नाही. उभ्या भिंतीच्या तलावात पाणी फूटभर चढलं तरी काठ जागच्या जागी. पसरट उताराच्या तलावात तेच फूटभर पाणी काठ कितीतरी मीटर मागे सरकवतं. उतार असेल तर पाणी कितीही असो, कुठेतरी चार बोटं खोलीची पट्टी सापडतेच. शेकाट्या, चिखल्या, फ्लेमिंगो प्रत्येकाला आपापल्या पायांच्या उंचीची पट्टी मिळते. आणि गाळ काढताना तो सगळा बाहेर न नेता आतच मोठ्या भरतीच्या पातळीच्या वर दोन-चार उंचवटे करून ठेवले तर घरट्यांना जागा होते, क्षमताही फारशी जात नाही. डंपरचा खर्च वाचतो, हे सांगितलं की कंत्राटदारही ऐकतो.

वाशीकर_काका
उंचवटे केले की पक्षी येतील याची खात्री? कुत्री पोहत नाहीत का?

टिबुकली
खात्री कोण देणार काका. पण पाणी हातात असलं की काय होतं याचा एक गमतीदार किस्सा आहे. इंग्लंडात उचाट्या, आपल्या शेकाट्याचाच भाऊबंद, शंभरेक वर्षं घरटी करत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून पूर्व किनाऱ्यावरच्या काही सखल जमिनी मुद्दाम पाण्याखाली घातल्या. जवळच्याच हॅवरगेट बेटावर एक चुकार तोफगोळा झडपेवर पडला आणि तिथेही खाडीचं पाणी शिरलं. युद्ध संपल्यावर १९४७ साली बघतात तर उचाट्यांची घरटी! मग तिथल्या पक्षीसंस्थेनं झडपा दुरुस्त करून पातळी हातात घेतली, बेटं राखली आणि पक्षी टिकला. आज तो त्या संस्थेच्या बोधचिन्हावर आहे.

कोपरीचा_कावळा
म्हणजे आपल्याकडे तोफगोळ्यासाठी निवेदन द्यायचं?

निवृत्त_स्थापत्य
त्याला पर्यावरण मंजुरी लागेल.

शलाका_सीवूड्स
मंडळी, हसून झालं असेल तर माझे पाच दिवस उरलेत. घरट्यांखाली माती सरकवून ती उंच करता येतील का? आमच्यातला एकजण तयार आहे.

भिंगरी
हात लावू नका! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी-घरटी विचलित करणं येतं. हेतू चांगला होता हे सांगत बसावं लागेल. करायचंच तर वनविभागाला कळवून, त्यांच्या माणसासोबत. शिवाय भर उन्हात पक्षी वीस मिनिटं जरी अंड्यांवरून उठला तरी अंडी भाजतात. शेकाट्या आणि टिटव्या पाण्यात पोट भिजवून येऊन अंड्यांवर बसतात ते त्यासाठीच.

खारवाला
शलाकाताई, पाइप केवढा आहे आणि काम कुठल्या तिथीला धरलंय?

शलाका_सीवूड्स
पाइप साधारण दोन-अडीच फुटी. एकच आहे. काम सोमवारी सुरू, मुकादम म्हणतो बुधवारी मोकळा होईल. तिथी बघितली, बुधवारी पौर्णिमा. :(

खारवाला
तिथेच चुकतंय. पौर्णिमेला उघडलात तर पहिलंच पाणी सगळ्यात मोठं. आमच्याकडे दुरुस्तीनंतर उघाडी कधीच उधाणाला मोकळी करत नसत, नवा बांध धुऊन जातो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत करायचे. भांगाची भरती निम्मी पण नसते, आत जेमतेम ओल येते. मग रोज थोडं थोडं चढत सात-आठ दिवसांनी उधाण. तोवर माती बसते.

तुमच्या पाखरांनाही तेच लागू. ती घरटं उचलतात ना, टिबुकलीताई म्हणाल्या तसं? त्यांना सात दिवस द्या.

टिबुकली
खारवाले दादा, पायाचे फोटो पाठवा.

अगदी हेच. आठ दिवस उशीर म्हणजे अंडीही आठ दिवसांनी पुढे गेलेली. पुढच्या उधाणापर्यंत आणखी आठ. आधी बसलेल्या जोड्यांची पिल्लं तोवर बाहेरही पडतील, आणि ही पिल्लं पहिल्याच दिवशी चालायला लागतात, काठाच्या दिशेनं निघून जातात.

निवृत्त_स्थापत्य
आकडेमोड नाही, पण अंदाज सांगतो. दोन-अडीच फुटी एकच पाइप आणि एवढा पसरट तलाव, तर भरतीच्या काही तासांत आत येणारं पाणी मर्यादितच असणार. बाहेर दोन पुरुष पाणी चढलं तरी आत तेवढं चढणार नाही. त्यामुळे भांगापासून सुरुवात केली तर आतली पातळी रोज थोडी थोडीच वाढेल. आणखी एक करा. पाइपच्या तोंडाशी पहिले काही दिवस वाळूच्या गोण्या अर्ध्या उंचीपर्यंत ठेवायला सांगा, रोज एक थर काढायचा. खर्च नाही, वेगळी मंजुरीही लागू नये. मात्र १० जूननंतर एकही गोणी तिथे राहता कामा नये, हे लिहून घ्या. पाऊस आला आणि गोणी राहिली तर सेक्टरमध्ये पाणी भरेल आणि शेकाट्यांचं नाव बदनाम होईल.

वाशीकर_काका
काम रद्द होत नसेल, फक्त आठ दिवस पुढे जात असेल तर माझी हरकत नाही. पण पत्रात ‘स्थगिती’ हा शब्द कुठेही लिहू नका. एकदा स्थगिती म्हटलं की फाइल झोपली. ‘कामाचा सुधारित दिनांक’ लिहा. मी तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय.

शलाका_सीवूड्स
‘कामाचा सुधारित दिनांक’, टिपून घेतलं. उद्या सकाळी पत्र आणि सोबत घरट्यांचे लांबून काढलेले फोटो. वनविभागाला प्रत. मुकादमाशी आत्ताच बोलले, तो म्हणाला, गाळ काढून ठेवतो, तोंडाचा शेवटचा भाग अष्टमीला मोकळा करू, त्याला पण पौर्णिमेच्या भरतीत पाइपात माणूस उतरवायचा नव्हताच.

गटातल्या दोन्ही तटांना हा धागा पाठवलाय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, दोघांचे निळे टिक आलेत.

मीनाक्षी_घणसोली
टिटवीचं काय ठरलं? ती काठाजवळ आहे म्हणालात.

शलाका_सीवूड्स
ती वरच्या कडेला आहे, पाणी पोचणार नाही बहुतेक. पण गाळाचा डंपर नेमका तिथूनच वळणार होता. मुकादमाला चार बांबू आणि लाल फीत देऊन आलेय.

ठाण्याचा_तात्या
फीत जरा लांबून बांधा. आमच्या गच्चीवर जवळ बांधली तर बाईसाहेबांनी डोक्यात चोच मारली होती. मला नाही, सेक्रेटरींना.

अवांतर_आजोबा
काठाच्या वरच्या कडेला घातलीत म्हणजे यंदा पाऊस बरा आहे.

खारवाला
आजोबा, पाऊस बरा असला तर पहिल्या पाण्याला चिवणी चढेल. शलाकाताई, पाइप मोकळा झाला की तोंडाशी जाळी लावू नका एवढं मुकादमाला सांगा, मासा आत येऊ दे. पाखरांना खायला तोच लागतो.

शलाका_सीवूड्स
जाळी लावायची असं अंदाजपत्रकात आहे बहुतेक. प्लास्टिकसाठी. बघते उद्या.